पावसाळ्यातही गाडीचे काम चालू ठेवणारी साधने: एका पूर्ण मोसमाच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या पाहण्यात घरी जुनी गाडी दुरुस्त करून पुन्हा चालती करण्याची जी कामे अर्धवट राहिली, ती बहुतेक पावसाळ्यात थांबली आणि पुन्हा सुरू झालीच नाहीत. पैसा संपला किंवा काम जमले नाही, असे फारसे कुणी सांगत नाही. जूनमध्ये गाडीवर ताडपत्री घातली आणि ती काढण्याचा दिवस पुढे पुढे जात राहिला, एवढेच घडलेले असते. नवी मुंबईच्या ऐरोलीतील आमच्या रो हाऊसच्या पोर्चमध्ये १९७९ ची प्रीमियर पद्मिनी मी गेल्या हिवाळ्यात उघडली, तेव्हाच या चार महिन्यांचा विचार मनात होता, आणि म्हणून मेअखेरीस काही साधने मुद्दाम विकत घेतली. जून ते ऑक्टोबर ती सातत्याने वापरल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. साधनाची किंमत, मजबुती किंवा दिसणे यांहून महत्त्वाची अशी एकच कसोटी मी लावली आहे: नोकरीवरून परतल्यावर, बाहेर पाऊस कोसळत असताना, त्या साधनामुळे मी कामाला बसलो का.

युरोपात घरी गाडी बांधणाऱ्यांची परीक्षा हिवाळ्यात होते. इंग्लंडमध्ये १९५७ साली आलेल्या लोटस सेव्हनपासून सुट्या भागांचा संच घेऊन घरी गाडी जोडण्याची परंपरा आहे, आणि तिथे गारठलेले गॅरेज व चार वाजताच पडणारा अंधार माणसाला कामापासून दूर ठेवतो. आपल्याकडे नवी गाडी अशी बांधून रस्त्यावर आणणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलांत मनाप्रमाणे बदल करता येत नाही, त्यामुळे घरची बांधणी म्हणजे जुनी गाडी मूळ रूपात पुन्हा उभी करणे. ऋतूही उलटा आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही आपली सर्वांत चांगली वेळ. अडतात ते जून ते सप्टेंबर.

ही अडचण केवळ मनाची नाही. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेची पावसाची मोसमी सरासरी २,३०० मिलिमीटरच्या आसपास आहे, आणि खाडीच्या काठावरच्या ऐरोलीत जुलैची हवा बहुतेक वेळ ८५ टक्के आर्द्रतेच्या पुढे असते. साधारण ६० टक्क्यांच्या वर उघड्या लोखंडावर गंज झपाट्याने धरतो, आणि हवेत खारेपणा असेल तर त्याहून कमी आर्द्रतेतही धरतो. घासून चकचकीत केलेला पत्रा सकाळी तपकिरी दिसतो. पुट्टी ओलावा शोषते, साधा प्रायमर पाणी आत जाऊ देतो, आणि थिनरवर वाळणाऱ्या रंगावर दमट हवेत पांढरट साय येते, कारण थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील पाणी त्यावर बसते. म्हणजे पावसाळ्यात पत्र्याचे काम करणाऱ्याला केलेले काम बिघडताना पाहावे लागते, आणि उत्साह मारणारी याहून दुसरी गोष्ट नाही. म्हणून मी मे महिन्यात सगळ्या उघड्या पत्र्यावर एपॉक्सी प्रायमर मारून बॉडी बंद केली आणि इंजिन, कार्बोरेटर, डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर), सेल्फ (स्टार्टर), डायनामो आणि वायरिंग एवढे सगळे पावसाळ्यासाठी राखून ठेवले. पुढची सर्व साधने या वाटणीच्या सोयीसाठी घेतलेली आहेत.

सर्वांत आधी इंजिन स्टँड. इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे गिअरबॉक्स जोडला जातो, तिथे हा स्टँड चार बोल्टांनी बसतो, आणि मग संपूर्ण इंजिन आडवे, उलटे, तिरके हवे तसे फिरवून पिनेने अडकवता येते. पद्मिनीचे १,०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन लहान मानले जाते, तरी ते जमिनीवर टायरवर ठेवून काम करायचे म्हटले की प्रत्येक वेळी वाकायचे, दुसऱ्या माणसाला हाक मारायची, उलटवायचे, लाकडाचे ठोकळे लावायचे, आणि या तयारीतच अर्धा तास जातो. ज्या संध्याकाळी मोकळा वेळच पाऊण तासाचा असतो, त्या संध्याकाळी माणूस इंजिनाकडे वळतच नाही. स्टँडवर तेच इंजिन कमरेच्या उंचीला येते आणि एका हाताने फिरते. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, बसवणे, टॅपेट जुळवणे, इंजिन उलटे करून बेअरिंगच्या टोप्या टॉर्क पान्याने आवळणे, ही कामे उभ्या उभ्या झाली. माझ्या कसोटीवर हे साधन पूर्ण उतरले.

त्याचे दोषही सांगितले पाहिजेत. स्टँडला जोडण्यापूर्वी क्लच आणि फ्लायव्हील काढावे लागतात, आणि क्रँकची मागची बाजू स्टँडच्या पट्ट्यांआड जाते, त्यामुळे मागच्या ऑइल सीलचे काम आणि फ्लायव्हील बसवणे शेवटी इंजिन लटकवूनच करावे लागते. सोबत आलेले बोल्ट मी वापरले नाहीत. पद्मिनीच्या मूळ फियाट रचनेतले आटे मेट्रिक आहेत, तेव्हा ८.८ ग्रेडचे योग्य लांबीचे बोल्ट वेगळे आणले, कारण ब्लॉकमध्ये बोल्ट किमान आपल्या जाडीच्या दीडपट आत गेला पाहिजे. तीन चाकांचा स्टँड घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. दुकानात तो स्वस्त आणि सुटसुटीत दिसतो, पण इंजिन बाजूला फिरवताना भार मधल्या रेषेबाहेर जातो आणि पुढे एकच चाक असले तर स्टँड कलतो. चार चाकांचाच घ्यावा आणि चाके मोठी असावीत. लहान चाके घरातल्या फरशीच्या सांध्यांत अडकतात.

दुसरे साधन डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणारे यंत्र. ज्या खोलीत इंजिन ठेवले, ती तळमजल्यावरची दहा बाय बाराची आहे आणि तिची एक भिंत जुलैत ओलसर राहते. यंत्र कॉम्प्रेसरचे आहे. दुकानात याच नावाने पेल्टिअर पद्धतीची, कॉम्प्रेसर नसलेली छोटी यंत्रेही मिळतात, ती कपाटापुरती ठीक, खोलीसाठी निरुपयोगी. यंत्रावर ‘दिवसाला वीस लिटर’ असे लिहिलेले असते, पण तो आकडा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता धरून दिलेला असतो, आणि खोली कोरडी होत जाते तसे पाणी कमी निघते, हे लक्षात ठेवूनच क्षमता निवडावी. दार-खिडक्या बंद ठेवल्यावर आमच्या खोलीतील आर्द्रता ८५ वरून ५५ ते ६० च्या दरम्यान स्थिरावते. होन केलेले, म्हणजे आतून बारीक घासून घेतलेले सिलिंडर इंजिन ऑइलचा पातळ हात देऊन संपूर्ण मोसम राहिले आणि त्यांवर गंजाचा ठिपकाही आला नाही. झाकायला प्लास्टिक वापरू नये, त्याच्या आत ओल अडकते. जुनी सुती चादर पुरते, आणि सुट्या भागांसाठी यंत्रांच्या पॅकिंगमध्ये येणारा गंजरोधक व्हीसीआय कागद उत्तम.

या यंत्राने उत्साहासाठी काय केले, हा प्रश्न रास्त आहे, कारण ते काही काम करून देत नाही. मात्र आदल्या रात्री साफ करून ठेवलेला भाग दुसऱ्या दिवशी तसाच सापडतो, ही खात्री किती मोठी आहे, हे ज्याने एकदा गंजलेला भाग पुन्हा पुन्हा घासला आहे त्यालाच कळेल. केलेले काम टिकते म्हणून पुढचे काम करावेसे वाटते. गैरसोयी दोन. वीज खर्च होते ती शेवटी उष्णताच होते, त्यामुळे बंद खोली दोन-तीन अंशांनी तापते आणि काम करताना यंत्र बंद करून पंखा लावावा लागतो. आणि पाण्याची टाकी भरली की यंत्र थांबते, म्हणून नळी जोडून पाणी थेट मोरीत सोडण्याची सोय असलेलेच यंत्र घ्यावे. आमचे यंत्र साधारण २५० वॅट खेचते; रोज आठ तास चालवले तर दोन युनिट होतात, आणि घरच्यांशी आधी बोलून घेण्याइतका तो खर्च खरा आहे.

आता ज्या वस्तूला सर्वांत कमी पैसे लागले आणि जिच्याविषयी मला सर्वांत जास्त सांगायचे आहे, ती म्हणजे दोनशे पानी वही आणि तिच्यासोबतचे स्टीलचे ट्रे. पद्धत अशी की काम संपवून उठताना वहीत आज काय झाले हे एका ओळीत लिहायचे, आणि त्याखाली उद्याचे पहिले काम इतके बारीक करून लिहायचे की वाचताक्षणी हात चालू व्हावेत. ‘कार्बोरेटर करणे’ असे लिहिले तर दुसऱ्या दिवशी माणूस वही मिटतो. ‘सोलेक्सचे वरचे झाकण उघडून फ्लोट हलवून पाहणे, जेट काढून पेट्रोलमध्ये टाकणे’ असे लिहिले तर तो बसतो. मग त्या कामाला लागणारे पाने, गॅस्केट, ब्रश आणि कापड एका ट्रेमध्ये काढून ठेवायचे आणि ट्रे इंजिनाजवळ ठेवायचा. दमलेल्या माणसाला पान्याने नट फिरवायला त्रास होत नाही. त्याला त्रास होतो तो आता काय करायचे हे ठरवायला, आणि ते ठरवण्याचे काम आदल्या दिवशीच्या ताज्या डोक्याने करून ठेवलेले असते.

वहीचा दुसरा उपयोग मला ऑगस्टमध्ये जाणवला. पावसाळ्यातली कामे डोळ्यांना दिसत नाहीत. दार रंगवले की घरातले सगळे पाहतात, डेल्कोचे पॉइंट साफ करून गॅप जुळवला तर कुणाला काही दिसत नाही, आणि गाडी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली महिनाभर तशीच उभी असते. अशा वेळी मागची पाने चाळली की काम किती पुढे सरकले आहे ते स्वतःच्या अक्षरात समोर येते. वायरिंगच्या प्रत्येक टोकाला माझ्या मुलीने कापडी चिकटपट्टीवर क्रमांक लिहून दिले आणि तेच क्रमांक वहीत उतरवले. “बाबा, हॉर्नची वायर सत्तावीस नंबर,” असे ती न पाहता सांगते, आणि त्या दिवसांत घरातले आणखी कुणी या कामात आहे, या जाणिवेचा आधार मोठा होता.

एलईडी ट्यूब, भिंतीला पक्का ठोकलेला व्हाईस आणि खोलीच्या वीजजोडणीवर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की जोडणी तोडणारा स्विच), या तीन गोष्टींविषयी वेगळे लिहिण्यासारखे काही नाही. त्या असायलाच हव्यात, आणि ओल्या दिवसांत शेवटची तर अजिबात टाळू नये.

साधने पुरेशी नसतात असा एक काळ मात्र येतो, तो म्हणजे सुटे भाग किंवा लेथचे काम अडकते तेव्हा. रबाळे एमआयडीसीतील एका लेथवाल्याकडे हेडची पातळी करायला दिलेली होती आणि पावसाने, विजेने, मग कामगार गावी गेल्याने ती लांबली. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पद्मिनीचे भाग अजून मिळतात, कारण मुंबईची टॅक्सी म्हणून ही गाडी अनेक दशके धावली आणि शेवटची टॅक्सी रस्त्यावरून गेली ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस. पण हवा तो भाग हव्या त्या दिवशी मिळेल असे नाही. यावर उपाय म्हणून वहीच्या शेवटच्या पानांवर कुणावरही अवलंबून नसलेल्या कामांची वेगळी यादी ठेवली आहे: सेल्फचे ब्रश बदलणे, काचांची हँडले साफ करणे, नटबोल्ट धुऊन माप लावून डब्यांत भरणे. हेड परत येईपर्यंतची प्रत्येक संध्याकाळ या यादीने भरून काढली. शेजारचे एक निवृत्त फिटर काका रविवारी सकाळी येऊन बसतात, त्यांचाही यात वाटा आहे. माणूस येणार म्हटल्यावर खोली उघडली जातेच.

गणपतीत खोली पाहुण्यांसाठी रिकामी करावी लागली. इंजिन जमिनीवर असते तर ते सुटे करून कुठेतरी कोंबले गेले असते आणि माझ्या मते काम तिथेच संपले असते. स्टँडला चाके असल्याने ते चादरीसह जिन्याखाली नेले, ट्रे एकावर एक रचले, आणि विसर्जनानंतर परत आणून वहीतल्या शेवटच्या ओळीपासून पुढे सुरुवात केली. खंडेनवमीला पान्यांसोबत स्टँडलाही हळदकुंकू वाहिले. त्याच आठवड्यात इंजिन स्टँडवरून उतरवून, क्लच आणि गिअरबॉक्स जोडून, चेन कप्पीने गाडीत बसवले आणि ते सुरू झाले. १-३-४-२ या क्रमाने चारही प्लग पेटत असल्याचा तो सलग आवाज ऐकून झालेला आनंद मी लपवू शकलो नाही.

ज्यांना यांतील एकच वस्तू घ्यायची आहे त्यांनी वही आणि ट्रे घ्यावेत. दोन घेता येत असतील तर इंजिन उघडणार असल्यास स्टँड, आणि फक्त वायरिंग व छोटे भाग करणार असल्यास डीह्युमिडिफायर. स्टँड वापरून झाल्यावर विकता येतो आणि त्याची किंमत फारशी उतरत नाही, म्हणून जुना मिळाला तरी हरकत नाही, फक्त फिरणाऱ्या नळीत झीज आहे का ते इंजिनाचा भार देऊन पाहावे. डीह्युमिडिफायर मात्र नवा आणि वॉरंटीसह घ्यावा. माझ्याकडचा आता मार्चपर्यंत बंद राहील, कारण पुढच्या चार महिन्यांची कोरडी हवा डेंटिंग आणि रंगाला पुरेशी आहे. वही चालूच आहे. उद्याची ओळ डाव्या मागच्या मडगार्डची पुट्टी १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासण्याची आहे, आणि कागद ट्रेमध्ये कापून ठेवला आहे.