किंडल पेपरव्हाइट : मराठी वाचकाने घ्यावे का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या डोंबिवलीच्या घराची एक भिंत ओलावली आणि तिला लागून असलेल्या कपाटातील खालच्या दोन फळ्यांवरच्या पुस्तकांना बुरशी आली. ती पुस्तके उघडीप मिळेल तशी गच्चीवर वाळत घालताना काहींच्या पुठ्ठ्याखाली कसरही आढळली. त्याच सुमारास घरात विषय निघाला की यापुढे कागदी पुस्तके घेणे थांबवावे आणि सगळे वाचन ई-रीडरवर न्यावे. अशा निर्णयापूर्वी यंत्र प्रत्यक्ष वापरून पाहणे बरे, म्हणून मी ॲमेझॉन कंपनीच्या किंडल पेपरव्हाइट या ई-रीडरची बारावी पिढी, म्हणजे एप्रिल 2025 मध्ये भारतात आलेली आवृत्ती, विकत घेतली. बाजारात आली तेव्हा तिची किंमत 16,999 रुपये होती. सरासरी 300 रुपयांचे मराठी पुस्तक धरले तर एवढ्या पैशांत 56 पुस्तके येतात, हा हिशेब मी खरेदीपूर्वीच मांडला होता आणि पुढील सहा महिने तो मनातून गेला नाही.

यंत्राच्या पडद्याविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण तो उत्तम आहे. ई-इंक पडद्याच्या आत केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात, त्यांत विरुद्ध विद्युत्भाराचे पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, आणि विजेच्या दाबाने यांपैकी एका रंगाचे कण वर आले की अक्षर उमटते. एकदा उमटलेले पान तसेच ठेवायला वीज लागत नाही. पडद्यावरचा दिवाही मोबाइलसारखा डोळ्यांत न येता कडेकडून पानावर पडतो आणि त्याचा रंग पांढऱ्यापासून पिवळसरपर्यंत बदलता येतो. दिवसाला अर्धा तास वाचन, बिनतारी जोडणी बंद आणि दिवा मध्यम, असे धरून बॅटरी बारा आठवडे चालेल असा कंपनी दावा करते. माझे वाचन रोज सुमारे दोन तासांचे असल्याने मला तीन आठवड्यांनी चार्ज करावे लागते, म्हणजे दाव्यात अतिशयोक्ती नाही.

लोकलमध्ये यंत्राचा उपयोग मला अपेक्षेपेक्षा अधिक झाला. वजन 211 ग्रॅम असल्यामुळे एका हाताने वरची कडी आणि दुसऱ्या हाताने किंडल धरून सीएसएमटीपर्यंत उभ्याने वाचता येते, जे जाड पुठ्ठ्याच्या कादंबरीच्या बाबतीत मला कधीच जमले नव्हते. मात्र पान उलटण्यासाठी बटण नाही. पडद्याच्या डाव्या कडेला स्पर्श केला की मागचे पान येते, म्हणून डाव्या हाताने धरणाऱ्याला पुढे जाण्यासाठी अंगठा दर वेळी आत सरकवावा लागतो. यंत्र पाण्यात पडले तरी बिघडत नाही, अशी त्याची रचना आहे. परंतु खिडकीतून आलेल्या पावसाच्या थेंबांनाही पडदा बोट समजतो आणि पाने आपोआप पुढे-मागे होऊ लागतात.

खरा प्रश्न त्या पडद्यावर वाचायचे काय, हा आहे. माझे इंग्रजी वाचन महिनाभरात जवळजवळ पूर्णपणे यंत्रावर गेले. अडलेल्या शब्दावर बोट दाबून धरले की अर्थ समोर येतो, कागदी आवृत्तीची वाट पाहावी लागत नाही, आणि परदेशी प्रकाशनांची किंमत पुष्कळदा कागदापेक्षा कमी पडते. मराठीची गोष्ट निराळी आहे. ॲमेझॉनने 2016 च्या डिसेंबरात हिंदी, तमिळ, गुजराती आणि मल्याळम यांच्याबरोबर मराठी पुस्तकेही किंडलवर आणली आणि तेव्हापासून संग्रह वाढला आहे, हे मान्य करावे लागेल. तरीही मी माझ्या कपाटातील पन्नास मराठी पुस्तकांची यादी करून किंडलच्या ऑनलाइन दुकानात शोधली तेव्हा त्यांपैकी निम्मीसुद्धा सापडली नाहीत. गाजलेल्या कादंबऱ्या आणि अलीकडची भाषांतरे मिळाली. वैचारिक लेखसंग्रह, स्थानिक इतिहास, छोट्या गावांतील प्रकाशकांची पुस्तके आणि जुनी समीक्षा जवळपास मिळालीच नाही. ज्याचे वाचन या दुसऱ्या प्रकारचे आहे, त्याने कागद सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. बुकगंगा या पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर मराठी ई-पुस्तकांचा संग्रह आहे. परंतु ती पुस्तके त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये उघडतात, आणि किंडलवर अँड्रॉइडची ॲप चालत नाहीत. त्यासाठी अँड्रॉइडवर चालणारे ई-इंक यंत्र घ्यावे लागेल.

राहिला पीडीएफचा मार्ग. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळापासून ई साहित्य प्रतिष्ठानपर्यंत अनेकांनी मराठी पुस्तके पीडीएफ रूपात विनामूल्य उपलब्ध केली आहेत, आणि ई-रीडर घेणारा मराठी माणूस बहुधा याच खजिन्यावर डोळा ठेवून असतो. मीही होतो. येथे थोडे गणित उपयोगी पडते. आपली बहुतेक पुस्तके डेमी आकारात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंचांच्या पानावर छापलेली असतात; सात इंची पडद्याची प्रत्यक्ष उंची मात्र सुमारे 5.6 इंच आहे. संपूर्ण पान त्यात बसवले की ते दोन तृतीयांश होते आणि 12 पॉइंटचे अक्षर 8 पॉइंटचे दिसते. देवनागरीत वेलांट्या आणि मात्रा शिरोरेषेच्या वर, उकार खाली, आणि जोडाक्षरे दाटीवाटीने मध्ये, त्यामुळे या आकारात ‘द्ध’ आणि ‘ध्द’ यांतील फरकही डोळे ताणून पाहावा लागतो. यंत्र आडवे धरणे हा त्यावरचा उपाय. मग पडद्याची रुंदी पानाच्या मूळ रुंदीएवढी होते, अक्षर छापील मापाचे दिसते आणि पान दोन टप्प्यांत वाचावे लागते. मी अशी तीन पुस्तके वाचून संपवली. चौथे हाती घेण्याचा उत्साह राहिला नाही.

पीडीएफमधील मजकूर मोकळा करून अक्षरांचा आकार वाढवता येईल, असे अनेकांना वाटते. इंग्रजीत ते बऱ्यापैकी साधते. मराठीत आडवी येते ती अक्षरजुळणीची जुनी पद्धत. युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांसाठीची सामायिक संगणकीय अक्षरपद्धती, रुळण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये देवनागरी अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असे, म्हणून त्या काळातील फाइल छापताना निर्दोष दिसते, पण मजकूर बाहेर काढला की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी हाती येते. पाने नुसती स्कॅन केलेली असतील तर ती यंत्राच्या दृष्टीने छायाचित्रेच होत. युनिकोडमध्ये तयार केलेली ईपब, म्हणजे ई-पुस्तकांच्या प्रचलित स्वरूपातील, फाइल मात्र ‘सेंड टू किंडल’ या सोयीने पाठवली की व्यवस्थित उघडते. फाइल करणाऱ्याने तिची भाषा मराठी अशी नोंदवलेली नसेल तर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची दिसू शकतात. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ वापरावा असा महाराष्ट्र शासनाचा 2009 चा निर्णय असला तरी यंत्राला तो ठाऊक असण्याचे कारण नाही. माझ्यासारख्या किरकिऱ्या वाचकाला हे पानोपानी खुपते. घरातील इतरांना मी दाखवेपर्यंत दिसलेही नव्हते.

मालकीचा मुद्दा मला याहून गंभीर वाटतो. किंडलवर आपण पैसे देतो ते वाचनाच्या परवान्याचे. 2009 साली ऑर्वेलच्या दोन कादंबऱ्या हक्कांच्या वादामुळे वाचकांच्या किंडलवरून परस्पर पुसल्या गेल्या होत्या. कंपनीने पुढे माफी मागितली आणि तो किस्सा जुना झाला. फेब्रुवारी 2025 मध्ये मात्र विकत घेतलेले पुस्तक संगणकावर उतरवून यूएसबीच्या तारेने यंत्रात भरण्याची सोयही बंद झाली. माझ्या कपाटात वडिलांनी 1970 च्या दशकात घेतलेली पुस्तके आहेत, त्यांतील काहींच्या पहिल्या पानावर वळणदार अक्षरांत ‘सप्रेम भेट’ लिहिलेले आहे, आणि कोणतीही कंपनी चालू राहो वा न राहो, ती वाचता येतात. वाचून झालेले पुस्तक शेजाऱ्याला द्यावे, ही साधी गोष्टही येथे करता येत नाही. उसने नेलेले पुस्तक परत न करणाऱ्यांची संख्या पाहता काहींना हा गुण वाटेल.

एवढे सगळे लिहिल्यावर यंत्र परत करावे असा निष्कर्ष निघायला हवा होता. तो निघाला नाही, कारण मध्यंतरी ते माझ्या हातून आईच्या हातात गेले. तिचे वय 74 आहे, दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झालेल्या आहेत आणि बारीक टाइप तिला दहा मिनिटांपलीकडे वाचवत नाही. मराठीत मोठ्या टाइपात मिळतात त्या पोथ्या आणि स्तोत्रे. कादंबरी मोठ्या टाइपात छापावी असे आपल्या प्रकाशकांना क्वचितच सुचते, जणू साठीनंतर माणसाने पारायणेच करावीत. दुकानातून घेतलेल्या एका कादंबरीचे अक्षर मी तिच्यासाठी पुष्कळ मोठे केले. ओळीत जेमतेम चार-पाच शब्द बसू लागले, दोन्ही कडा जुळवण्याच्या नादात शब्दांमध्ये मोठ्या फटी पडल्या, आणि माझ्या मते पान विद्रूप झाले. ‘दिसतंय ना, मग झालं तर,’ म्हणून तिने ते दुपारभर वाचले. तेव्हापासून तिच्या चार कादंबऱ्या वाचून झाल्या आहेत. त्यापूर्वीच्या दोन वर्षांत तिने एकही पूर्ण केली नव्हती.

त्यामुळे 56 पुस्तकांचा हिशेब मी सध्या बाजूला ठेवला आहे. घरात कोणाची नजर अधू झाली असेल आणि त्या व्यक्तीच्या आवडीची पुस्तके दुकानात आहेत याची खात्री आधी करून घेतली असेल, तर पेपरव्हाइट जरूर घ्यावे. इंग्रजी वाचन पुष्कळ असेल आणि प्रवास रोजचा असेल, तरी पैसे वसूल होतील. केवळ विनामूल्य मराठी पीडीएफ वाचण्यासाठी घेत असाल तर घेऊ नये. त्यापेक्षा दहा इंचांचा साधा टॅब बरा, किंवा जवळच्या ग्रंथालयाची वर्गणी भरावी.

कपाटाचे म्हणाल तर ते रिकामे झालेले नाही. भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून खालच्या फळ्यांवर कडुनिंबाचा पाला ठेवला आहे, आणि दिवाळीनंतर त्यात आणखी अकरा पुस्तकांची भर पडली आहे. मी लोकलमध्ये सध्या कागदीच पुस्तक वाचतो, कारण किंडल दुपारपर्यंत मोकळे नसते.