‘सिस्ट, 4.2 सेंमी’ एवढंच लिहिणारी सोनोग्राफी

बहुतेक सेंटरवर पोट आणि ओटीपोटाची सोनोग्राफी एकत्रच होते. यकृत, किडन्या उरकल्या की प्रोब, म्हणजे तपासणीची दांडी, मिनिटभर खाली फिरतो आणि रिपोर्टात येतं: ‘उजव्या ओव्हरीत सिस्ट, 4.2 सेंमी’. बीजकोशाच्या, म्हणजे ओव्हरीच्या, गाठीसाठी (सिस्टसाठी) ही सेवा तोकडी आहे, कारण नुसत्या मापावरून गाठीची जात कळत नाही.

त्यासाठी टीव्हीएस, म्हणजे योनीमार्गातून केलेली तपासणी हवी. पोटावरचा प्रोब साधारण 3 ते 5 मेगाहर्ट्‌झचा, हा 5 ते 9 चा. ध्वनिलहरींची वारंवारता जास्त म्हणून चित्र बारकाव्याचं, पण खोलवरचं दिसत नाही. त्यामुळे गाठ 10 सेंमीच्या आसपास असेल तर पोटावरूनही बघावं लागतं. शरीरसंबंध आलेला नसेल तर टीव्हीएस करत नाहीत. पोटावरून करताना लघवी तुंबलेली लागते, टीव्हीएसला मूत्राशय रिकामं. अपॉइंटमेंट देताना हे न सांगणाऱ्या सेंटरचे गुण तिथेच कापावेत.

खरा कस स्क्रीनवर लागतो. आतून काळीभोर, पातळ भिंतीची, मागची बाजू उजळवणारी ती पाण्याची साधी गाठ. पाळी कायमची बंद होण्याआधीच्या वयात अशी 3 सेंमीपर्यंतची असेल तर बहुधा फॉलिकलच, म्हणजे बीज वाढतं ती नेहमीची पिशवी. पेशंटला सिस्ट म्हणून घाबरवू नये. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आणि डॉप्लरला (रक्तप्रवाह रंगात दाखवणाऱ्या तपासणीला) त्यांत रंग नाही, तर रक्त साकळलेलं; ते सहसा 6 ते 12 आठवड्यांत विरतं. सगळीकडे एकसारखं धुरकट दिसलं तर एंडोमेट्रिओमा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशींची, जुनं रक्त भरलेली गाठ. डरमॉइड, म्हणजे चरबी, केस असलेली गाठ, मात्र हुलकावणी देते: तिच्यातली चरबी पांढरी दिसते, मागे सावली पडते आणि घाईत ती आतड्यातला वायू म्हणून सुटते. उलट पाणी भरलेली गर्भनलिका आडव्या छेदात हुबेहूब गाठ वाटते. प्रोब 90 अंशांत वळवला की तीच लांबोडकी होते. हे वळवणंच घाईत राहून जातं.

चांगल्या रिपोर्टात तिन्ही मापं, भिंत, पडदे, घन भाग, त्यातला रक्तप्रवाह आणि 0 ते 5 मधला ओ-रॅड्स आकडा, म्हणजे गाठ कॅन्सरची असण्याचा धोका सांगणारी श्रेणी, असतो. घन भागात रक्तप्रवाह किंवा पोटात पाणी असेल तर पुन्हा तपासणीची वाट बघत थांबू नये. अचानक असह्य दुखत असेल आणि डॉप्लरला रक्तप्रवाह दिसला, तरी बीजकोशाला पीळ पडलेला नाही असं धरू नये.

पुन्हा तपासणी पाळी संपल्या संपल्या, शक्यतो त्याच सेंटरवर. जुन्या फिल्म्स सोबत न्याव्यात, नुसता रिपोर्टाचा कागद नव्हे.