पुरातत्त्व शिकायचंय: लिबरल आर्ट्स की साधं बीए?

पुण्यात पुरातत्त्व म्हटलं की बोट येरवड्याच्या डेक्कन कॉलेजकडेच जातं. पण तिथलं एमए पदवीनंतर. पदवी कोणत्याही शाखेची चालते. तोवरची तीन-चार वर्षं कुठे काढायची, हा खरा प्रश्न.

खासगी लिबरल आर्ट्स विद्यापीठात इतिहासाच्या जोडीला पर्यावरणशास्त्र, संख्याशास्त्र घेता येतं. ही चैन नव्हे. शिरूर तालुक्यातल्या इनामगावचं उत्खनन (१९६८–८३) बघा: घोड नदीकाठच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांचं जगणं खापरांइतकंच जनावरांच्या हाडांतून आणि जळक्या धान्यातून उलगडलं. अडचण फीची. शिवाय ट्रेंचमध्ये, म्हणजे उत्खननाच्या खड्ड्यात, उतरायला मिळेलच असं नाही. प्रवेशाआधी थेट विचारा, उत्खननाला कधी आणि कोणाबरोबर नेता?

साध्या कॉलेजातलं इतिहासाचं बीए स्वस्त, आणि बरंचसं पुस्तकी. पण कार्ल्याची लेणी, नाणेघाटातला सातवाहनांचा ब्राह्मी लिपीतला लेख एकेका दिवसात बघून होतात. उरलेल्या वेळात ब्राह्मी, संस्कृत शिकावं. (‘पुढे नोकरीचं काय?’ हे घरचे दोन्हीकडे विचारणारच.)

पैशांची ओढाताण असेल तर मी बीएच म्हणेन. शिष्यवृत्ती मिळाली आणि विज्ञानाची गोडी असली, तरच पहिला मार्ग.