टीचेबल मशीन : चिमूटभर फोटोंवर शिकणारं मॉडेल

भाचीला नववीच्या सायन्स प्रोजेक्टला एआयचं काहीतरी करायचं होतं म्हणून गूगलचं टीचेबल मशीन उघडलं, फोटो दाखवून कॉम्प्युटरला वस्तू ओळखायला शिकवायची वेबसाइट, २०१९ पासूनचं दुसरं व्हर्जन, ब्राउझरमध्येच चालतं, फुकट आहे, लॉगिनसुद्धा लागत नाही. स्वयंपाकघरातलेच तीन डबे घेतले, जिरं, शहाजिरं आणि ओवा. प्रत्येकाचा एक क्लास, म्हणजे ओळखायचा गट, बनवायचा, वेबकॅमसमोर धरून बटण दाबून ठेवलं की धडाधड फोटो निघतात, मग ट्रेनचं, म्हणजे शिकवायचं, बटण. प्रत्येकी तीसेक फोटो काढले आणि जुन्या लॅपटॉपवरही मिनिटाच्या आत शिकून झालं, भाचीचा विश्वासच बसेना.

एवढ्या कमी डेटावर कसं जमतं, तर आत मोबाइलनेट नावाचं मॉडेल, म्हणजे फोटो ओळखणारा प्रोग्राम, आहे, जे आधीच लाखो फोटो बघून कडा, रंग, पोत ओळखायला शिकलेलं असतं, त्याला हात न लावता फक्त शेवटचा छोटासा भाग आपल्या फोटोंवर शिकवला जातो. देवनागरी येणाऱ्याला गुजराती अक्षरं पटकन लागतात ना, तसंच.

पण मला सगळ्यात आवडलं ते पुढचं. पहिल्या वेळी जिरं स्टीलच्या ताटलीत आणि शहाजिरं पोळपाटावर ठेवून फोटो काढले होते. रिझल्ट एकदम झकास येत होता, मग भाचीने सहज रिकामा पोळपाट कॅमेऱ्यासमोर धरला आणि मॉडेलची खात्री टक्क्यांत दाखवणारी शहाजिऱ्याची पट्टी पूर्ण भरली! मॉडेल दाणे शिकलंच नव्हतं, लाकूड शिकलं होतं. डेटा थोडा असला की असंच होतं, जो फरक सगळ्यात सोपा तोच ते पकडतं. मग सगळं पुन्हा एकाच ताटलीत, कधी खिडकीजवळ कधी ट्यूबलाइटखाली, आणि "रिकामं" असा चौथा क्लास, कारण टक्के दिलेल्या क्लासमध्येच वाटले जातात, "यातलं काहीच नाही" हे त्याला आपण शिकवल्याशिवाय कळत नाही. ही गोष्ट मी पोरीला तासभर बोलून समजावू शकलो नसतो, तिला ती पोळपाटाने शिकवली.

अजून एक, फोटो आत २२४ बाय २२४ पिक्सेलचा होतो, त्यामुळे दाणे अगदी जवळ धरा, लांबून नुसते ठिपके दिसतात.

ज्यांना मेटा लर्निंग, म्हणजे मॉडेलला पटकन शिकायचं कसं हेच शिकवणं, शिकायचंय त्यांनी मात्र हे तेच आहे असं समजू नका. २०१७ मध्ये चेल्सी फिन, पीटर अबील आणि सर्गेई लेव्हिन यांनी मांडलेल्या मॅमल (MAML) पद्धतीत मॉडेलला खूप वेगवेगळ्या छोट्या छोट्या कामांवर तयार करून सुरुवातच अशी देतात की नवं काम चार-दोन पायऱ्यांत जमावं. इथे तसं नाही, आधीचं शिकलेलं फक्त वापरलंय. पण पहिली पायरी म्हणून शाळेतल्या पोरांना हेच द्या, मनापासून सांगतो.

आमचं शहाजिरं अजूनही कधी कधी जिरं म्हणून येतं, चिमूट जरा पातळ पसरली की बरोबर ओळखतं.