जर्मनीतील पहिल्या नोकरीसाठी सल्ला कार्यालय : सव्वा लाखात नेमके काय मिळते

माझा भाचा परभणीचा. संगणक अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर त्याला श्टुटगार्टमधील एका कंपनीत सॉफ्टवेअर अभियंत्याची पहिलीच नोकरी मिळाली. नोकरी त्याने स्वतः अर्ज करून, दूरस्थ मुलाखती देऊन मिळवली होती; राहिले होते ते व्हिसाचे आणि तिकडे जाऊन स्थिरावण्याचे काम. त्यासाठी ताईच्या आग्रहाने आम्ही छत्रपती संभाजीनगरातील एका सल्ला कार्यालयाची सेवा घेतली. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मराठवाड्यात अशा अनेक कार्यालयांची कार्यपद्धती आणि दरपत्रक जवळपास सारखेच असल्याचे चौकशीत दिसले. सव्वा लाख रुपयांच्या ‘पॅकेज’मध्ये कागदपत्रांची तपासणी, व्हिसा अर्ज, प्राथमिक जर्मन भाषेचा वर्ग आणि पोहोचल्यावरची तात्पुरती निवास व्यवस्था यांचा समावेश होता.

कागदपत्रांचे काम त्यांनी खरोखर उत्तम केले. आपल्याकडच्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि अनेकदा आईचेही नाव असते. पारपत्रावर मात्र आडनाव आणि दिलेले नाव यांचे रकाने वेगळे असतात. भाच्याच्या बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावाचे स्पेलिंग एक आणि पदवी प्रमाणपत्रावर दुसरे होते. शिवाय जन्मदाखल्यावर ‘औरंगाबाद’ आणि नव्या कागदांवर ‘छत्रपती संभाजीनगर’, हा तर 2023 च्या नामांतरानंतर घरोघरचा प्रश्न झालेला आहे, आणि धाराशिवकरांचाही तोच अनुभव असणार. तेथील मॅडमनी प्रत्येक तफावत वेगळ्या कागदावर लिहून काढली, कोणत्या तफावतीसाठी प्रतिज्ञापत्र लागेल आणि कोणत्या ठिकाणी राजपत्रातील अधिसूचनेची प्रत पुरेल हे सांगितले, आणि संपूर्ण संच इतक्या नेटक्या क्रमाने लावून दिला की मुंबईच्या अर्ज केंद्रावर एकही कागद परत आला नाही. देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून गेलेल्या माणसाला एका झेरॉक्सपायी परत फिरावे लागणे म्हणजे काय, हे परभणी-नांदेडकडच्या लोकांना सांगायला नको.

पदवीच्या मान्यतेबाबतही त्यांची एक सूचना मोलाची ठरली. जर्मनीच्या ‘अनाबिन’ या अधिकृत माहितीसंचात विद्यापीठ आणि पदवी या दोन्हींची नोंद स्वतंत्रपणे पाहावी लागते. मराठवाड्यातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालये 2017 पासून लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न होत गेली, त्यामुळे एकाच महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या दोन मुलांच्या पदव्या वेगवेगळ्या विद्यापीठांच्या असू शकतात. ‘आमच्या कॉलेजचा सीनियर गेला, त्याला काही लागले नाही’ हा दाखला म्हणूनच चालत नाही. नोंदी व्यवस्थित असतील तर समकक्षतेच्या वेगळ्या पत्राची गरज नसते आणि त्यासाठीचे 200 युरोंहून अधिक शुल्क वाचते, आमचे वाचले.

मात्र जेथे कायदा समजून सल्ला द्यायचा होता, तेथे हे कार्यालय उघडे पडले. भाच्याच्या करारातील वार्षिक वेतन 46,000 युरो होते. युरोपीय संघाच्या ब्ल्यू कार्डासाठी, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या नोकरी व निवासाच्या परवान्यासाठी, जर्मनीत 2025 साली सर्वसाधारण वेतनमर्यादा 48,300 युरो होती, म्हणून ‘ब्ल्यू कार्ड बसत नाही, कंपनीला वेतन वाढवायला सांगा’ असे त्याला सांगण्यात आले. पहिलीच नोकरी मिळालेल्या नवख्या मुलाने हा निरोप कंपनीला कळवला असता तर काय परिणाम झाला असता, याचा विचार कोणी केलेला दिसला नाही. प्रत्यक्षात मागील 3 वर्षांत पदवी मिळवलेल्यांना आणि मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांना त्याच वर्षी 43,759.80 युरोंची कमी मर्यादा लागू होती. एवढेच की या सवलतीत तेथील संघीय रोजगार संस्थेची संमती लागते आणि त्यासाठी कंपनीने नोकरीच्या अटींचे घोषणापत्र भरून द्यावे लागते. ही सर्व माहिती जर्मन सरकारच्या संकेतस्थळावर इंग्रजीत विनामूल्य उपलब्ध आहे. भाच्याने ती छापून नेऊन दाखवल्यावर कार्यालयाने अर्जाचा प्रकार बदलला, पण खेद व्यक्त केला नाही.

अपोस्टिलचे, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून होणाऱ्या सरकारी प्रमाणीकरणाचे, प्रकरण याहून गंभीर आहे. पदवी आणि जन्मदाखल्यावर अपोस्टिल करून देण्यासाठी वेगळी रक्कम मागण्यात आली. भारत 2005 साली अपोस्टिल करारात सहभागी झाला हे खरे, परंतु जर्मनीने भारताच्या त्या प्रवेशावर आक्षेप नोंदवलेला असल्यामुळे भारतीय अपोस्टिल जर्मनीसाठी उपयोगाचे नाही. ती रक्कम आम्ही दिली नाही. भिंतीवर महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्य यांच्यातील 2024 च्या कराराच्या बातम्यांची कात्रणे लावलेली होती. त्या कराराचा भर परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक यांसारख्या कामांवर आहे, आणि सॉफ्टवेअर अभियंत्याच्या व्हिसाशी त्याचा संबंध नाही. कात्रणे मात्र समोरच्या माणसावर छाप पाडतात.

जर्मन भाषेचा वर्ग पॅकेजमध्ये सक्तीचा होता. ब्ल्यू कार्डासाठी भाषेचे प्रमाणपत्र लागत नाही, हे आधी सांगायला हवे होते. वर्ग वाईट नव्हता, आणि घरमालकाशी चार वाक्ये बोलता येण्याचा भाच्याला उपयोगही झाला.

वेतनाबाबत कार्यालयाने दाखवलेला हिशोब म्हणजे उभ्या पिकाकडे बघून सावकाराने पैसे मोजण्यासारखा होता: 46,000 गुणिले युरोचा दर, म्हणजे चाळीस लाखांहून अधिक. अविवाहित माणसाचा आयकर, निवृत्तिवेतन, आरोग्य आणि बेरोजगारी विम्याची वर्गणी वजा जाता हातात महिन्याला सुमारे अडीच हजार युरो येतात. त्यातून श्टुटगार्टसारख्या महागड्या शहरातील भाडे द्यायचे, आणि अनामत रक्कम, जी मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत असू शकते, तीही भरायची. ती तीन हप्त्यांत देण्याचा कायदेशीर हक्क भाडेकरूला आहे, हे आम्हाला कार्यालयाने नव्हे, तेथील एका लातूरकर मुलाने सांगितले. ताईने भाच्याच्या शिक्षणासाठी कर्ज काढले आहे. हप्त्यांचे गणित चाळीस लाखांवर मांडले असते तर पहिल्याच महिन्यात ओढाताण झाली असती.

तात्पुरत्या निवासाचा अनुभव सर्वांत वाईट. जर्मनीत राहायला आल्यावर 2 आठवड्यांच्या आत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी घर देणाऱ्याचे सही केलेले पत्र लागते. कार्यालयाने ठरवलेल्या वसतिगृहात असे पत्र मिळत नव्हते. पत्त्याची नोंदणी झाली नाही की कर क्रमांक टपालाने येत नाही, तो वेळेवर मिळाला नाही तर वेतनातून जास्त दराने कर कापला जाऊ शकतो, आणि बँक खात्यालाही अडचण येते. फोन केल्यावर ‘काका, आमचे काम व्हिसापर्यंत’ असे उत्तर मिळाले. पावतीवर निवास व्यवस्था स्पष्ट लिहिलेली होती. शेवटी कंपनीच्या मनुष्यबळ विभागाने नोंदणी होऊ शकेल अशी खोली मिळवून दिली.

आणखी एक गोष्ट जाणाऱ्यांनी पाहावी. परदेशात नोकरी मिळवून देतो असे सांगून शुल्क घेणाऱ्याला 1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येते आणि उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. आमच्या पावतीवर ‘सल्ला शुल्क’ लिहिलेले होते, कारण नोकरी भाच्याने स्वतः मिळवली होती. त्याच टेबलावर शेजारी बसलेल्या बीडच्या एका मुलाला मात्र नोकरीसह सर्व काही देण्याचे सांगितले जात होते आणि पावतीवरचे शब्द तेच होते.

कागदपत्रांच्या तपासणीसाठी मी या कार्यालयाला पाचपैकी चार गुण देईन, कायद्याच्या सल्ल्यासाठी एक आणि पोहोचल्यानंतरच्या सेवेसाठी शून्य. केवळ पहिल्या कामाचे शुल्क घेऊन ते करून द्याल का, असे मी निघताना विचारले. पॅकेज एकच आहे, असे उत्तर मिळाले.