ऑटोमॅटिक गाडी झटके मारते, चेक लाइट पेटलाय: सांगलीत गाडी कुणाकडे न्यावी?

कुपवाड रोडला मी गाड्यांच्या विजेचं काम करतो. वायरिंग, सेन्सर, स्कॅनिंग. ऑटोमॅटिक गाडी घेऊन येणारा माणूस बहुधा दोनपैकी एक वाक्य आधीच कुणाकडून तरी ऐकून आलेला असतो: 'गिअरबॉक्स गेलाय' किंवा 'ईसीएम गेलाय', म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर गेलाय. हे वाक्य खरं धरून चालायचं तर मोठ्या गाडीत खर्च लाखाच्या पुढं जातो, आणि ते बोलायला स्कॅनर लावल्यापासून पाच मिनिटं पुरतात. म्हणून हे लिहितोय.

सांगली-मिरजेत अशा गाडीसाठी चार वाटा आहेत. कंपनीचं सर्व्हिस सेंटर, स्कॅनर असलेलं बाहेरचं गॅरेज, कोल्हापूर-पुण्याकडचे फक्त गिअरबॉक्स किंवा फक्त ईसीएम खोलणारे कारागीर, आणि स्वतः विकत घेतलेला ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला लावून मोबाइलवर कोड दाखवणारं छोटं यंत्र. मी स्वतः दुसऱ्या वाटेवरचा आहे, हे आधी सांगून ठेवतो. तरी जिथं पहिली वाट बरी, तिथं तसंच लिहिलंय.

तुमचा ऑटोमॅटिक कोणता?

वाट निवडण्याआधी हे माहीत हवं. आपण सगळ्यालाच ऑटोमॅटिक म्हणतो, पण आत चार वेगळी यंत्रं असतात आणि चौघांची दुखणी वेगळी.

एएमटी आपल्याकडे २०१४ मध्ये मारुती सेलेरिओबरोबर आली आणि स्वस्त पडल्यामुळं गावोगाव पोचली. हा खरं तर साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं हातापायाऐवजी अ‍ॅक्च्युएटर नावाचं यंत्र करतं, कंट्रोलरच्या म्हणजे गिअरच्या कॉम्प्युटरच्या हुकमावर. क्लचप्लेट मॅन्युअलसारखीच झिजते. ती बदलली की नवीन क्लच नेमका कुठं धरतो हे कंट्रोलरला स्कॅनरवरून शिकवावं लागतं. ते न करता गाडी हातात दिली तर नव्या क्लचवरही झटके बसतात, आणि मग सगळा संशय अ‍ॅक्च्युएटरवर जातो. एएमटीसाठी चांगला स्कॅनर असलेलं गावातलं गॅरेज पुरेसं आहे.

सीव्हीटीत गिअरच नसतात. दोन पुल्या आणि त्यांच्यामध्ये पोलादी पट्टा. त्यामुळं गिअर बदलतानाचा झटका हे सीव्हीटीचं लक्षण नव्हे. थरथर, घरघर, किंवा चढाला आरपीएम वाढतात पण गाडी ओढत नाही, ही तिची भाषा. हिच्यात सीव्हीटीचंच, कंपनीनं सांगितलेलं तेल हवं. दुसऱ्या ऑटोमॅटिकचं तेल घातलं तर पट्टा घसरायला लागतो आणि नुकसान परत भरून येत नाही. तेल कोणतं घालणार हे न सांगणाऱ्या माणसाला सीव्हीटीला हात लावू देऊ नका.

डीसीटी म्हणजे दोन क्लच. त्यातही कोरड्या क्लचचा प्रकार असेल तर हरभट रोडच्या गर्दीत रांगत चालवताना तापतो आणि थरथरतो. इथं मी माझ्याकडं येणाऱ्यालाही आधी कंपनीत जा म्हणतो, कारण क्लचचं आणि मेकाट्रॉनिक युनिटचं (गिअर आणि क्लच हलवणारा आतला भाग) शिकवणं बाहेरच्या स्कॅनरनं अर्धवट होण्याचा धोका असतो. टॉर्क कन्व्हर्टरवाला (क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा), म्हणजे इनोव्हा क्रिस्टा किंवा एक्सयूव्ही ७०० मधला, चौघांत सोसणारा. त्याचं बरंचसं आयुष्य तेल वेळेवर बदलण्यावर अवलंबून असतं.

कोड म्हणजे निदान नव्हे

स्कॅनरवर पी०७०० हा दोषाचा कोड दिसला की गिअरबॉक्स उतरवायची भाषा सुरू होते. या कोडचा अर्थ फक्त एवढाच की गिअरच्या कंट्रोलरनं इंजिनच्या ईसीएमला 'माझ्याकडं काहीतरी नोंदलंय, लाइट लाव' असं कळवलंय. खरी तक्रार गिअरच्या कंट्रोलरमध्ये असते. तो वाचू शकत नसलेला स्कॅनर इथं निरुपयोगी. पुढचा कोड पी०७१५ असेल तर आत जाणाऱ्या शाफ्टच्या वेगाच्या सेन्सरचा मार्ग तपासायचा. पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर जुळत नाही, तेव्हा खरोखर काहीतरी घसरत असण्याची शक्यता. यू०१०१ म्हणजे गिअरच्या कंट्रोलरशी बोलणंच तुटलंय. तिथं गिअरबॉक्सच्या आधी वायर, फ्यूज आणि कपलर (वायरींचे जोड) बघायचे.

सगळ्यात जास्त फसगत इंजिनच्या मिसिंगमुळं होते. एक सिलिंडर अधूनमधून मिस करत असेल, म्हणजे नीट पेटत नसेल, तर बसणारा धक्का आणि टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअपची (तेलाऐवजी थेट जोडणीची) थरथर, गाडीत बसून सारखीच वाटते. मिरजेच्या पुढं पंढरपूर रस्त्याला मोकळी सरळ पट्टी मिळाली आणि मागं कुणी नसलं, की एका वेगावर थरथर चालू असताना अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायानं ब्रेक फक्त हलकेच स्पर्शून बघा, दिवा लागेल एवढाच. ब्रेकचा सिग्नल मिळाला की बहुतेक गाड्या लॉकअप सोडतात. तेवढ्यानं थरथर थांबली तर संशय कन्व्हर्टरवर. तशीच राहिली तर आधी प्लग, कॉइल, इंजेक्टर. डाव्या पायानं ब्रेक स्पर्शायची सवय नसेल तर हे मेकॅनिकला करू द्या, तुम्ही शेजारी बसा.

दुसरंही एक कारण आहे. गिअर बदलण्याच्या क्षणी गिअरचा कंट्रोलर इंजिनला म्हणतो, जोर जरा कमी कर. थ्रॉटल बॉडी काजळलेली असेल किंवा हवेचा सेन्सर चुकीचं सांगत असेल तर ईसीएमचा जोराचा हिशोबच चुकतो आणि बदल कडक होतो. दुखणं इंजिनात, ओरड गिअरबॉक्सची.

माधवनगरच्या एका काकांची एएमटी आली होती. ड्राइव्हला कधी पडायची, कधी न्यूट्रलमध्येच राहायची. एका ठिकाणी त्यांना पूर्ण अ‍ॅक्च्युएटर बदलायला सांगितलं होतं, आगाऊ रक्कमही मागितली होती. काका म्हणाले, "पैसे भरतो, पण गाडी बरी होईल याची खात्री द्या." मी म्हटलं, "काका, आधी बघू तर द्या की." लाइव्ह डेटा लावला. ब्रेक पूर्ण दाबलेला, आणि स्क्रीनवर ब्रेक 'ऑफ'. पेडलवरचा स्विच मधूनच काम सोडत होता. ब्रेक दाबल्याची खात्री झाल्याशिवाय ही गाडी गिअर घेतच नाही. स्विच काही शे रुपयांचा. काकांच्या मागून येणाऱ्यांना महिनाभर ब्रेकलाइट धड दिसत नव्हता, हे मला गिअरपेक्षा जास्त गंभीर वाटलं.

कंपनी की बाहेरचं गॅरेज?

गाडी वॉरंटीत असेल तर प्रश्नच नाही. कंपनीत न्या, बाहेर कपलरलाही हात लावू देऊ नका. वॉरंटी संपली असली तरी काही गोष्टी कंपनीकडंच नीट होतात: कंट्रोलरचं नवं सॉफ्टवेअर, चावी आणि इमोबिलायझरची (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेची) जोडणी, आणि नव्या गाड्यांतलं, कंपनीच्या सर्व्हरची परवानगी लागणारं कोणतंही प्रोग्रामिंग. त्यांच्याकडं त्या मॉडेलची वायरिंगची नकाशावही असते, आणि ठराविक मॉडेलच्या ठराविक दोषाबद्दल कंपनीनं पाठवलेली सूचना असते. हे बळ बाहेर नाही.

कमी पडतं ते वेगळ्या ठिकाणी. तिथं पार्ट बदलायची पद्धत आहे, पार्ट दुरुस्त करायची नाही. एक वायर आतून तुटली तर अख्खं हार्नेस (वायरींची जुडी), एक सोलेनॉइड (तेलाची विजेवरची झडप) अडकला तर अख्खं युनिट. आणि दोष अधूनमधून येणारा असेल, म्हणजे फक्त पावसात, फक्त गाडी तापल्यावर, तर गाडी दिवसभर उभी राहते आणि 'दोष दिसला नाही' म्हणून परत येते. अशा दोषाला वेळ द्यावा लागतो, आणि वेळ बाहेरचा माणूस जास्त देऊ शकतो. पाच-सहा वर्षं जुनी, वॉरंटीबाहेरची, येतो-जातो दोष असलेली गाडी असेल तर मी आधी चांगल्या गॅरेजचा पर्याय निवडेन.

चांगलं गॅरेज ओळखायचं कसं? मालकाकडं लाँच कंपनीचा स्कॅनर आहे की ऑटेलचा, याला मी फारसं महत्त्व देत नाही. तो कोड उडवण्याआधी लिहून ठेवतो का, ते बघा. कोड उडवला की त्याबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते, म्हणजे दोष आला तेव्हाचं तापमान, वेग, आरपीएम सगळं पुसलं जातं. पहिला पुरावाच गेला. आणि मल्टिमीटर केव्हा हातात घेतो ते बघा. उभ्या गाडीत बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट हवी, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको, चालू इंजिनला बहुतेक गाड्यांत १३.५ ते १४.५. ईसीएमची अर्थिंग चालू इंजिनवर तपासली तर ०.१ व्होल्टच्या आसपास किंवा कमी घट दिसली पाहिजे. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या १६ पिनांपैकी ६ आणि १४ मध्ये रोध मोजला तर बऱ्याच गाड्यांत ६० ओहम येतो. १२० आला तर कॅनच्या, म्हणजे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात त्या वायरींच्या जाळ्याचं एक टोक कुठंतरी सुटलंय. ही मोजणी अर्ध्या तासाची आहे. कमजोर बॅटरीमुळं एका वेळी सात-आठ कंट्रोलर ओरडायला लागतात, आणि कोडची ती लांबलचक यादी बघून माणूस घाबरतो.

दोन्ही ठिकाणी एकच मागा. निदानाचे पैसे वेगळे घ्या, आणि काय मोजलं, किती आलं, ते कागदावर द्या. निदान फुकट मिळालं तर त्याची किंमत पार्टमधून वसूल होते. हा कागद घेऊन तुम्ही दुसऱ्या कुणाकडंही जाऊ शकता.

पुराचं पाणी

आपल्या भागात हा प्रश्न वेगळा काढायलाच हवा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. २०२१ ला परत पूर आला. त्या पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन, पॉलिश होऊन आजही रस्त्यावर आहेत, आणि काही दोन-दोन मालक बदलून. गाळाचं पाणी कपलरमध्ये शिरलं की तांब्यावर हिरवा गंज चढतो. तो लगेच बोलत नाही. महिन्यांनी, वर्षांनी, एखाद्या दमट सकाळी गाडी लिंप मोडमध्ये जाते, म्हणजे एका गिअरला अडकून हळू चालते. दुपारी ऊन पडलं की ठीक.

अशी लक्षणं असलेल्या गाडीत ईसीएम किंवा गिअरबॉक्स बदलण्याआधी पायाखालचा गालिचा उचला, सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच्या टोकाला मातीची रेघ आहे का बघा. काही गाड्यांत कंट्रोलर बॉनेटखाली बॅटरीशेजारी असतो, काहींत डॅशबोर्डखाली पायापाशी, म्हणजे पाणी पहिल्यांदा जिथं साचतं तिथंच. कपलर एकेक उघडून, साफ करून, पिनांची पकड तपासून लावायचं हे काम दोन-तीन दिवसांचं आहे आणि ते कंपनीत होत नाही. इथं गावातला कसबी वायरमनच बरा.

आणि गाडी पाण्यात अडकली असेल तर सेल्फ मारू नका. बॅटरीची निगेटिव्ह काढा, गाडी उचलून न्या. पाण्यात सेल्फ मारून इंजिन बसलं तर साध्या पॉलिसीत ते नुकसान बहुधा नाकारतात. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनची वेगळी जोड लागते.

ईसीएम खरंच गेला असेल तर

जातो, पण कारणाशिवाय क्वचित. उलटी जंप केबल, बॅटरी न काढता केलेलं वेल्डिंग, आत शिरलेलं पाणी, किंवा शॉर्ट झालेली इग्निशन कॉइल जिनं आतला ड्रायव्हर ट्रान्झिस्टर (कॉइल चालू-बंद करणारा भाग) जाळला. ते कारण आधी काढलं नाही तर नवा ईसीएमही जळतो. वीज, अर्थिंग आणि कॅन तीनही बरोबर असताना तो उत्तर देत नसेल तरच त्याला दोषी धरा.

मग तीन पर्याय. नवा सगळ्यात महाग, पण कंपनीत प्रोग्राम होऊन येतो. नवी गाडी असेल तर हाच. दुरुस्ती स्वस्त, आणि जळालेला ड्रायव्हर ट्रान्झिस्टर किंवा सुटलेला सोल्डर असेल तर टिकतेही. मात्र जेल भरलेले ईसीएम उघडायला कौशल्य लागतं, म्हणून टेबलावर चालवून दाखवणाऱ्याकडंच द्या आणि जुन्या डेटाची प्रत आधी घ्यायला सांगा. भंगारातला जुना ईसीएम मोहात पाडतो, पण पार्ट नंबर अक्षरशः सारखा असला तरी इमोबिलायझरची जोडणी दुसऱ्या गाडीची असते. डेटा उतरवून घेतल्याशिवाय गाडी सुरू होणार नाही. माझी पसंती दुरुस्तीला, नंतर नव्याला. जुना घेणं मी टाळतो.

कोल्हापूर-पुण्याकडचे गिअरबॉक्सवाले तेव्हाच, जेव्हा तेल काळं आणि जळक्या वासाचं निघालंय, किंवा गुणोत्तराचे कोड परत परत येतायत. गाडी नेताना मात्र इंजिनचा जोर मिळणारी चाकं (बहुतेक गाड्यांत पुढची, इनोव्हा क्रिस्टात मागची) जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नका. बंद इंजिनला ऑटोमॅटिकमधला तेलाचा पंप फिरत नाही, आतले भाग कोरडे घासतात. सपाट ट्रकवर चढवूनच न्या.

डोंगलबद्दल थोडंच. स्वस्तातला ब्लूटूथ डोंगल इंजिनचे कोड वाचतो, बॅटरीचे व्होल्ट दाखवतो, गिअरच्या कंट्रोलरपर्यंत बहुतेक वेळा पोचत नाही. तरी घ्या. गाडी लिंपमध्ये गेली त्याच क्षणी, जयसिंगपूरच्या रस्त्यावर उभे असताना, कोडचा आणि व्होल्टचा फोटो काढून ठेवा. आमच्याकडं येईपर्यंत गाडी बंद-चालू होऊन लाइट विझलेला असतो, आणि तो एक फोटो आमचे दोन दिवस वाचवतो.