काळी चित्रं की लाल? अथेन्सच्या मातीच्या भांड्यांच्या दोन शैली

प्राचीन ग्रीसमधल्या या दोन्ही शैलींची माती एकच, भट्टीही एकच. फरक लेप कुठे द्यायचा एवढाच. त्याच मातीचा, निवळून घेतलेला अतिबारीक गाळ हाच लेप.

काळ्या शैलीत आकृती लेपाने भरायची आणि टोकदार हत्याराने कोरून आतले तपशील काढायचे. चुकलेला ओरखडा बुजवता येत नाही. बायकांची कातडी वरून पांढरी रंगवत. तो पांढरा रंग बहुधा झडतो.

इसवीसनपूर्व ५३०च्या सुमारास हे उलटलं. आकृती मातीच्या रंगाची ठेवून भोवतालची जागा काळी केली; हीच लाल शैली. कोरण्याऐवजी कुंचला आला. दाट लेपाची उठावदार रेघ आणि पातळ केलेल्या लेपाची तपकिरी छटा यांमुळे स्नायू, केस, वळलेलं शरीर दाखवता येऊ लागलं. लाल शैलीतला चित्रकार युफ्रोनिओस याने काढलेला, ट्रॉयच्या युद्धात पडलेला योद्धा सार्पेडॉन पाहा. तरी काळ्या शैलीतल्या एक्झेकिआसने कोरलेल्या, सोंगट्या खेळणाऱ्या अकिलीस-अजॅक्स या ग्रीक वीरांच्या झग्यांची नक्षी मला सरस वाटते.

भाजणी तीन टप्प्यांची: सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत हवा खेळती, मग हवा कोंडून ९००च्या आसपास सगळंच काळं, शेवटी निवताना पुन्हा हवा. माती लाल होते. लेप काचेसारखा घट्ट झाल्याने काळाच राहतो. लेप पातळ पडला, तर तोही लालसर डागाळतो.